कृष्णन तुरुंगात असताना

1944 सालची दिवाळी. 16 ऑक्टोबरला मद्रासच्या ब्रॉडवे टॉकीजमध्ये 'हरिदास' लागला. आईबापांना घराबाहेर काढणारा, कलावंतिणीच्या नादी लागलेला तरुण, ऋषीचा अपमान केल्याने पाय गमावतो आणि मग आईबापांच्या सेवेत देव शोधतो, अशी त्याची कथा. मराठी माणसाला ती सांगताना पुंडलिकाचं नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नाही. नायक होते एम. के. त्यागराज भागवतर, त्या काळी तमिळ मुलखातला सर्वांत मोठा गायक-नट. हसवायला एन. एस. कृष्णन आणि त्यांची पत्नी टी. ए. मदुरम ही जोडी होती. चित्रपट ब्रॉडवेवर 110 आठवडे चालला, तीन दिवाळ्या त्याने पाहिल्या.

पहिली दिवाळी उलटून अडीच महिनेही झाले नव्हते, तोच भागवतर आणि कृष्णन दोघेही खुनाच्या कटाच्या आरोपाखाली अटकेत होते. म्हणजे जवळजवळ सगळा काळ लोक रोज पैसे मोजून पडद्यावर ज्यांना बघत होते, ते दोघे एकतर आरोपीच्या पिंजऱ्यात होते किंवा कोठडीत. एप्रिल 1947 मध्ये दोघेही एकाच दिवशी निर्दोष सुटले. त्यानंतर मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. भागवतरांचा सुवर्णकाळ परत आला नाही. कृष्णन परत आले, निर्माते झाले, दिग्दर्शक झाले आणि त्यांचं सर्वांत मोलाचं काम त्यांनी तुरुंगानंतर केलं.

एकच खटला, एकच शिक्षा, एकच सुटका; मग असं का झालं? याचं उत्तर कोठडीत काय घडलं यात कमी आणि बाहेर काय चालू होतं यात जास्त सापडतं, असं माझं मत आहे. आणि बाहेर जे चालू होतं त्याची मुळं फार जुनी होती, म्हणून आधी थोडं मागे जावं लागेल.

नागरकोविलचा पोर

कृष्णन यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1908 चा, नागरकोविलजवळच्या ओळुगिनसेरीचा. हा भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता. घरची गरिबी इतकी की शाळा लवकरच सुटली. नाटकाच्या मांडवात खाण्याचे पदार्थ विकायचे आणि विकता विकता नाटक बघायचं, हे त्यांचं पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण विल्लुप्पाट्टूचं. त्या दक्षिण टोकाकडचा हा लोकप्रकार. मोठं धनुष्य मडक्यावर टेकवून ठेवतात, त्याच्या दोरीला घुंगरं बांधलेली असतात, मुख्य गायक काठ्यांनी दोरीवर ठेका धरत गोष्ट सांगतो आणि बाजूचे साथीदार होकार देत, मध्येच प्रश्न विचारत ती पुढे ढकलतात. आपल्याकडच्या गोंधळात किंवा पोवाड्यात झीलकरी जे करतात त्याच्या फार जवळचं हे काम आहे. गोष्ट सांगणारा एकटा कधीच नसतो, ही सवय कृष्णनना इथे लागली. पुढे पडद्यावर त्यांनी जे काही केलं त्यात समोर उत्तर देणारं माणूस कायम राहिलं.

1925 साली टी. के. एस. बंधूंची मदुरै श्री बाल षण्मुगानंद सभा सुरू झाली. मुलांनी चालवलेल्या अशा मंडळींना तिकडे 'बॉइज कंपनी' म्हणत. कृष्णन तिच्यात दाखल झाले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं, एकाच पंगतीत जेवणं, आज राजा तर उद्या भालदार, पडेल ते काम करणं, आणि कोणी आजारी पडला तर त्याची नक्कल ऐनवेळी पाठ करून उभं राहणं. मराठी संगीत नाटकाच्या कंपन्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. या कंपनीने कृष्णनना अभिनय शिकवला हे खरंच; पण मंडळी कशी बांधायची, कशी पोसायची आणि वाईट दिवसांत कशी टिकवायची, हेही त्यांनी तिथेच पाहिलं.

पडद्यावर ते आले 1935-36 मध्ये. एलिस आर. डंगन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या 'सती लीलावती'त (1936) त्यांना काम मिळालं. त्याच चित्रपटात छोट्या भूमिकेत एक तरुण पहिल्यांदा दिसला, तो म्हणजे एम. जी. रामचंद्रन.

पुण्यात जमलेली जोडी

याच सुमारास 'वसंतसेना' या चित्रपटासाठी कलावंतांचा ताफा पुण्याला आला. दिग्दर्शक राजा सँडो. मुंबईच्या मूकपटांमुळे इकडच्या प्रेक्षकांना ते चांगले माहीत होते. तमिळ चित्रपटांना तेव्हा स्वतःचे पुरेसे स्टुडिओ नव्हते, म्हणून मुंबई, पुणे, कोल्हापूर, कलकत्ता अशी ही मंडळी फिरत. त्या मुक्कामात कृष्णन आणि श्रीरंगमच्या टी. ए. मदुरम एकमेकांच्या जवळ आले आणि लग्नही पुण्यातच झालं. कृष्णन यांचा पहिला विवाह झालेला होता, नागम्मै नावाची पत्नी गावी होती, आणि मदुरमना हे नंतर कळलं. हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे. कृष्णनवरचं बरंचसं लेखन त्यांना साधुपुरुष करून टाकतं. या एका गोष्टीत त्यांनी मदुरमवर अन्याय केला होता, आणि तरीही पुढे संकट आलं तेव्हा घर आणि मंडळी दोन्ही सावरणारी व्यक्ती मदुरमच होत्या. हे बाजूला ठेवलं तर या प्रकरणाचा गाभाच निसटतो.

पडद्यावर त्यांची जोडी जमली ती बरोबरीची. त्या काळच्या विनोदात बायको ही एकतर कजाग नाहीतर बावळट असायची. इथे मदुरम कृष्णनना प्रश्न विचारतात, त्यांची बढाई उतरवतात, कधी त्यांच्याहून शहाण्या ठरतात. विल्लुप्पाट्टूमधला साथीदार इथे बायकोच्या रूपात आला, असं मला ही दृश्यं बघताना नेहमी वाटतं.

त्यांच्या कामाची पद्धतही समजून घ्यायला हवी. तमिळ चित्रपटात विनोदाचे प्रसंग मुख्य कथेपासून बऱ्यापैकी स्वतंत्र असत. कृष्णन हे प्रसंग स्वतःच्या मंडळींना घेऊन स्वतः रचत, बसवत आणि तयार माल म्हणून निर्मात्याला देत. रेंगाळलेला चित्रपट कृष्णन-मदुरम यांचे प्रसंग जोडून उभा करायचा, ही निर्मात्यांची नेहमीची युक्ती झाली. त्यांच्याभोवती नटांचा, लिहिणाऱ्यांचा एक गट कायम असे. गाणी बहुधा उडुमलै नारायण कवींची. म्हणजे चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णन हे नाव एका नटाचं होतं तितकंच एका चालत्या कार्यशाळेचंही होतं.

भागवतरांचं तसं नव्हतं. त्यांचं सगळं वैभव त्यांच्या गळ्यात होतं. तो गळा अलौकिक होता, पण त्यांच्याऐवजी कोणी गाऊ शकणार नव्हतं.

खटला

सी. एन. लक्ष्मीकांतन हा मद्रासमधला एक पत्रकार. आधी खोट्या कागदपत्रांच्या प्रकरणात शिक्षा भोगून आलेला. 1943 मध्ये त्याने 'सिनेमा तूतू' नावाचं साप्ताहिक काढलं आणि नट-नट्यांच्या खासगी आयुष्याबद्दल वाटेल ते छापायला सुरुवात केली. काही जण गप्प बसवण्यासाठी पैसे देत, त्यामुळे धंदा वाढला. भागवतर, कृष्णन आणि कोइम्बतूरचे निर्माते-दिग्दर्शक एस. एम. श्रीरामुलू नायडू यांनी थेट मद्रासचे गव्हर्नर आर्थर होप यांच्याकडे तक्रार केली आणि साप्ताहिकाचा परवाना रद्द झाला. लक्ष्मीकांतनने 'हिंदू नेसन' हे दुसरं पत्र हाती घेतलं आणि तोच उद्योग पुढे चालवला.

8 नोव्हेंबर 1944 रोजी वेपेरी भागात हातरिक्षातून जात असताना त्याला भोसकलं गेलं. दुसऱ्या दिवशी जनरल हॉस्पिटलमध्ये त्याचा मृत्यू झाला. डिसेंबरच्या अखेरीस तिघा तक्रारदारांनाच कटाच्या आरोपाखाली पकडण्यात आलं. गव्हर्नरकडे केलेला तो अर्ज त्यांच्यावरच उलटला. हेतू काय असावा, याचा जणू लेखी पुरावाच त्यांनी आधी देऊन ठेवला होता.

मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मॉकेट यांच्यासमोर ज्युरी बसवून खटला चालला. बचावाच्या बाजूने मुंबईहून क. मा. मुन्शीही उभे राहिले होते. श्रीरामुलू नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना 3 मे 1945 रोजी जन्मठेप झाली, त्या वेळच्या कायद्यातली काळ्या पाण्याची. उच्च न्यायालयातलं अपील त्याच वर्षी फेटाळलं गेलं. उरली लंडनची प्रिव्ही कौन्सिल, त्या काळचं शेवटचं अपिलाचं न्यायालय.

लक्ष्मीकांतनचा खून नेमका कोणी केला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. त्याच्या पत्रकारितेबद्दल मला यत्किंचितही आदर नाही, पण रस्त्यात भोसकला गेलेला तोही एक माणूस होता, आणि या प्रकरणाच्या बहुतेक कथनांत तो फक्त खलनायक म्हणून येतो आणि जातो. ते बरोबर नाही.

बाहेर काय चालू होतं

आता मुख्य भाग. कृष्णन आत गेल्यावर मदुरमपुढे तीन गोष्टी होत्या. मोठ्या कुटुंबाचं पोट, मंडळींचं पोट आणि लंडनपर्यंत जाणाऱ्या अपिलाचा खर्च. प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागणं म्हणजे काय खर्चाचं काम असेल, याचा अंदाज कोणीही करू शकेल. घरात साठवलेला पैसा म्हणावा तर तो फारसा नव्हता; कृष्णन यांचा हात देताना कधी आखडला नाही आणि त्याची किंमत आता चुकवायची होती.

मदुरम नाटकाकडे परतल्या. एन. एस. के. नाटक सभा या नावाने मंडळी उभी राहिली, आणि तिचा कारभार पाहायला त्यांना एस. व्ही. सहस्रनामम यांची साथ मिळाली. सहस्रनामम हेही टी. के. एस. बंधूंच्या कंपनीतून आलेले. या सभेने 'पैत्तियक्कारन' म्हणजे 'वेडा' हे विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारं नाटक केलं. प्रेक्षकांनी तिकीट काढलं ते नाटकासाठी आणि तुरुंगातल्या माणसासाठीही. फलकावर नाव त्याचंच होतं. तो दिसत नव्हता, पण मंडळी त्याच्या नावाने चालत होती.

आणखी एक मंडळी त्याच काळात निघाली. के. आर. रामसामी, पुन्हा त्याच टी. के. एस. कंपनीतले, यांनी तंजावरला कृष्णन नाटक सभा काढली. तिच्यासाठी द्रविड चळवळीतले लेखक-नेते सी. एन. अण्णादुरै यांनी 'वेलैक्कारी' (मोलकरीण) हे नाटक लिहिलं, ज्यावर 1949 मध्ये गाजलेला चित्रपट निघाला. म्हणजे कृष्णन गजाआड असताना तमिळ रंगभूमीवर त्यांच्या नावाच्या दोन सभा चालू होत्या, आणि दोन्हींचा रोख समाजातल्या अन्यायाकडे होता. नट पडद्याआड गेला की वर्षभरात त्याची जागा दुसरा घेतो. इथे मात्र कृष्णन यांची जागा त्यांच्या लोकांनी रिकामी होऊ दिली नाही.

मदुरम पुढे एक पाऊल गेल्या. नाटकावरून चित्रपट काढायचं ठरलं. दिग्दर्शनाला कृष्णन-पंजू ही जोडी (यातले कृष्णन वेगळे), प्रमुख भूमिकेत सहस्रनामम, मदुरम स्वतः दुहेरी भूमिकेत. हे काम चालू असतानाच लंडनहून निकाल आला: प्रिव्ही कौन्सिलने प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाकडे परत पाठवलं होतं. न्यायमूर्ती हॅपेल आणि शहाबुद्दीन यांच्यापुढे पुन्हा सुनावणी झाली. कृष्णन यांची बाजू व्ही. एल. एतिराज यांनी मांडली. एप्रिल 1947 मध्ये दोघेही निर्दोष सुटले.

आणि कृष्णन आले ते थेट अर्ध्या तयार चित्रपटात. 'पैत्तियक्कारन'मध्ये त्यांच्यासाठी प्रसंग घालण्यात आले आणि तो 1947 मध्येच पडद्यावर आला. सुटलेल्या कैद्याला काम शोधत दारोदार फिरावं लागलं नाही. काम त्याच्याच घरात, त्याच्या बायकोने सुरू करून ठेवलं होतं. या प्रकरणाचा अभ्यास करताना मी पुन्हा पुन्हा या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. त्याच वर्षी पम्मल संबंद मुदलियार या ज्येष्ठ नाटककारांच्या हस्ते त्यांना 'कलैवाणर' ही पदवी मिळाली, आणि तमिळ माणूस आजही त्यांना याच नावाने ओळखतो.

भागवतरही कामाला लागले होते. तेही पुण्यालाच आले. प्रभात स्टुडिओत त्यांनी 'राजमुक्ती' काढला. पदं उत्तम, गळा तसाच. 1948 मध्ये चित्रपट लागला आणि पडला. एव्हाना तमिळ प्रेक्षकाचे कान बदलले होते. पन्नास-पन्नास पदांचे चित्रपट मागे पडून दमदार संवादांचे चित्रपट येत होते. हा बदल भागवतरांच्या तुरुंगवासामुळे झाला नाही, त्यांच्या तुरुंगवासात झाला. त्यांच्याकडे तो पचवायला मदत करणारी मंडळी नव्हती, आणि नव्या लेखकांशी नातंही नव्हतं. कृष्णन यांचं मात्र नव्या संवादांशी वैर नव्हतंच. ते संवाद लिहिणारे लोक त्यांच्या नावाच्या सभेसाठी आधीच लिहीत होते.

सुटकेनंतरचं काम

1949 चा 'नल्लतंबी' अण्णादुरैंनी लिहिला. दारूबंदीचा पुरस्कार करणारी कथा. पण माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे 'किंदनार' हे आख्यान, आणि मराठी वाचकासाठी तर इथे एक खास धागा आहे.

तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने मराठी कीर्तन तिकडे गेलं. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांसारख्यांनी ते आपलंसं केलं आणि त्यातून तमिळ कथाकालक्षेप घडला. त्यात साकी, दिंडी, ओवी आजही त्याच नावांनी गातात. या परंपरेतलं एक अत्यंत लाडकं आख्यान नंदनारचं: अस्पृश्य मानला गेलेला भक्त, चिदंबरमला नटराजाच्या दर्शनाला जाण्याची त्याची तळमळ, आणि आडवा येणारा मालक. कृष्णन यांनी तेच रूप घेतलं. तसाच बुवा, तशीच साथ, तशाच चाली. फक्त नंदनच्या जागी किंदन आला आणि चिदंबरमच्या जागी शाळा. किंदनला शिकायचं आहे. गावचा मास्तर त्याला हाकलतो. तो शहरात जातो, शिकतो आणि शाळा तपासायला अधिकारी होऊन त्याच शाळेत परत येतो. लोक हसतात ते ओळखीची चाल अनोळखी शब्दांवर बसली म्हणून, आणि हसता हसता त्यांना कळतं की आपण कोणाला शाळेबाहेर ठेवलं होतं. कीर्तनाची थट्टा नाही यात. कीर्तनाचं सामर्थ्य पुरतं ओळखलेल्या माणसानेच ते करावं.

त्यांचं आणखी एक गाणं विज्ञानाची स्वप्नं रंगवतं: बटण दाबलं की इडली आणि कॉफी आपोआप समोर यावी, असं यंत्र त्यात हवं असतं. खाण्यापिण्याच्या भाषेत सांगितलेलं विज्ञान खेड्यातल्या माणसालाही कळत असे.

'मणमगळ' (1951) आणि 'पणम' (1952) त्यांनी दिग्दर्शित केले, दोन्हींचे संवाद मु. करुणानिधींचे. पहिल्यातून पद्मिनी नायिका म्हणून पुढे आली; दुसऱ्यात शिवाजी गणेशन होते, ज्यांचा तो केवळ दुसरा चित्रपट. 'पणम'मध्ये एक गाणं आहे ज्यात द्रविड मुन्नेट्र कळगम या पक्षाची आद्याक्षरं येतात, पण गाण्यात ती उलगडतात तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथाच्या नावाने. सेन्सॉरला आक्षेप घेता येईना.

असं असूनही कृष्णन यांना एका पक्षाच्या खात्यात टाकणं चूक ठरेल. गांधीजींवर त्यांची निष्ठा होती. नागरकोविलला त्यांनी स्वखर्चाने गांधीस्मारक स्तंभ उभारला. अण्णादुरैंशी त्यांचा स्नेह होता आणि 1957 च्या निवडणुकीत कांचीपुरमला ते त्यांच्या प्रचाराला गेले. तिथला किस्सा तमिळनाडूत अजून सांगतात. अण्णांच्या विरोधात उभे होते ते गृहस्थ डॉक्टर. कृष्णन व्यासपीठावर उठले आणि त्या डॉक्टरांचीच स्तुती करत सुटले: किती चांगला माणूस, हाताला किती गुण, गरिबांची किती सेवा. सभा गोंधळली. शेवटी म्हणाले, असा डॉक्टर मद्रासला विधानसभेत पाठवलात तर इथे तुम्हाला औषध कोण देणार? त्यांना इथेच राहू द्या, अण्णांना पाठवा. अण्णादुरै निवडून आले. प्रतिस्पर्ध्याला एक वाईट शब्द न बोलता जिंकलेली ही सभा कृष्णन यांच्या विनोदाचा अस्सल नमुना आहे.

जे परत आलं नाही

इथवर वाचून सगळं सावरलं गेलं असं वाटू शकेल. तसं झालं नाही. खटल्यात गेलेला पैसा भरून निघाला नाही, आणि चित्रपट काढून मिळालेला ज्या वेगाने आला त्याच वेगाने गेला. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हा त्यांचा नेम शेवटच्या दिवसांतही सुटला नाही, तेव्हा देण्यासारखं काही उरलं नव्हतं तरीही. त्यांच्या दातृत्वाच्या गोष्टी तमिळनाडूत प्रेमाने सांगतात. मला त्या ऐकताना त्या घराचा हिशेब सांभाळणाऱ्या बायका आठवतात. 30 ऑगस्ट 1957 रोजी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमध्ये कृष्णन गेले. वय अठ्ठेचाळीस. मदुरम त्यानंतर सतरा वर्षं जगल्या, 1974 पर्यंत.

जानेवारी 1969 मध्ये मद्रासच्या टी. नगरमध्ये कृष्णन यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. अनावरण केलं मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी, स्वतः कर्करोगाने खंगलेले असताना. पुढच्याच महिन्यात तेही गेले.

पण या प्रकरणातली शेवटची नोंद मला एका चित्रपटाची करायची आहे. 1937 मध्ये डंगनने 'अंबिकापती' काढला होता; नायक भागवतर, विनोदाला कृष्णन आणि मदुरम. वीस वर्षांनी, 1957 मध्ये, तोच चित्रपट नव्याने निघाला. नायक शिवाजी गणेशन. भागवतरांना या वेळी नायकाच्या बापाची, कवी कंबनची भूमिका देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली, ती एम. के. राधांनी केली, 'सती लीलावती'चे नायक. विनोदी जोडी मात्र तीच राहिली, कृष्णन आणि मदुरम. ऑक्टोबरमध्ये चित्रपट लागला तेव्हा कृष्णन यांना जाऊन दोन महिने होत आले होते.